अपार आयडी रिव्ह्यू: फुकट आहे, ऐच्छिक आहे आणि सोमवारपर्यंत द्यायचाच आहे

रेटिंग ५ पैकी २. त्यातला एक स्टार सरळ सरळ वर्गशिक्षिकेचा आहे, सरकारचा नाही, का ते पुढे येईलच.

आधी हे आहे काय ते सांगते, कारण आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अर्ध्यांना हे आधारचंच काहीतरी नवीन वाटत होतं आणि उरलेल्यांना स्कॉलरशिपचा फॉर्म. अपार म्हणजे विद्यार्थ्याला मिळणारा १२ आकडी कायमचा नंबर, 'एक देश एक विद्यार्थी आयडी' हे त्याचं जाहिरातीतलं नाव. कल्पना २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणातून आली, ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं की पालकांच्या संमत्या गोळा करा, आणि तेव्हापासून शाळा पालकांच्या मागे आणि वरचे ऑफिसवाले शाळांच्या मागे. मार्कलिस्ट, सर्टिफिकेट, खेळातली बक्षिसं सगळं या एका नंबरखाली डिजीलॉकरमध्ये, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कागदपत्रांच्या कपाटात, जमा होणार, शाळा बदलली तरी नंबर तोच, पुढे कॉलेजला गेलं की तिथले क्रेडिट, म्हणजे पास केलेल्या विषयांचे पॉईंट, तेपण त्यालाच चिकटणार. कॉलेजवाल्यांची ती ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ पासून आहे, ती याला जोडलीय.

आता आमच्या पोराकडे याआधी काय काय होतं बघा. आधार नंबर. राज्याच्या सरल या विद्यार्थी नोंदणीच्या पोर्टलचा भलामोठा आयडी. केंद्राच्या यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या पोर्टलचा ११ आकडी पेन नंबर. शाळेचा जनरल रजिस्टर नंबर. चौथीतलं पोरगं, अजून त्याला स्वतःचा डबा बंद करता येत नाही नीट, आणि नंबर एवढे. मग पाचवा कशाला, हा प्रश्न मी शाळेत विचारला तर सर हसले आणि म्हणाले मॅडम आम्हाला पण हाच प्रश्न पडलाय.

ऑर्डर कशी करायची तर आपण करत नाही, ती आपल्या नावाने होते. ग्रुपवर मेसेज आला, सर्व पालकांनी अपारचं संमतीपत्र सोमवारपर्यंत भरून पाठवावं, शासनाचा आदेश आहे, न दिल्यास पुढची जबाबदारी पालकांची. खाली लगेच पंचवीस अंगठे आणि नमस्कार. मी विचारलं की संमती आहे तर नाही म्हणायची सोय कुठंय, तर ग्रुपवर एकदम शांतता, मग कुणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकलं. सरकार स्वतः सांगतंय की अपार ऐच्छिक आहे, आईवडिलांनी संमती दिली तरच काढायचा. पण ते ऐच्छिक दिल्लीहून निघून जिल्हा, तालुका, केंद्रप्रमुख असं करत आमच्या ग्रुपपर्यंत येतं तोवर त्याचं टार्गेट झालेलं असतं. मी बाईंना फोन केला, म्हणलं मॅडम समजा नाही दिली संमती तर, त्या म्हणाल्या ताई तुमचं बरोबर आहे हो, पण मला वरून रोज टक्केवारी मागतात, आमच्या शाळेचं नाव लाल यादीत येतंय. त्यांच्यावर काय रागावणार. शाळा सुटल्यावर रात्री साडेआठला ती बाई स्वतःच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर पोर्टल उघडून एकेक नाव टाकत बसलेली, सर्व्हर डाऊन, परत लॉगिन, परत कॅपचा. तो एक स्टार तिचा.

आणि शाळा एवढ्या का घायकुतीला आल्यात त्याचं खरं कारण पालकांना माहीतच नसतं. आपल्या राज्यात संचमान्यता, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक मंजूर हे, आता आधार व्हॅलिड झालेल्या मुलांच्या संख्येवर ठरवतात. पोरगं रोज वर्गात बसतंय, खिचडी खातंय, पाढे म्हणतंय, पण आधार जुळला नाही तर ते मोजलं जात नाही आणि पटसंख्या कागदावर कमी झाली की एखादे सर अतिरिक्त ठरून दुसरीकडं जातात. अपारलाही तोच आधार लागतो, तिथं नाव अडलं की शाळेच्या पोटात गोळा येतो. त्यामुळे ही सगळी घाई आपल्या पोराच्या भल्यासाठी चाललीय असं ज्यांना वाटतंय त्यांनी हे पण लक्षात ठेवा.

सरकारची बाजूही एकदम खोटी नाही. ऑक्टोबर २०११ ची पटपडताळणी आठवते का, तीन दिवस राज्यभर एकदम शाळांमध्ये पथकं गेली, पोरांच्या बोटाला शाई लावून मोजली, आणि लाखोंनी बोगस विद्यार्थी निघाले. नावं हजेरीत, अनुदान संस्थेच्या खात्यात आणि पोरगं कुठं तर कुठंच नाही. संस्थाचालकांनी खाल्लं त्याची शिक्षा म्हणून आता खऱ्या पोरांनी आपण खरे आहोत हे दरवर्षी सिद्ध करायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

आता इन्स्टॉलेशन. इथं सगळ्यांचंच घोडं अडतं.

सिस्टीम काय करते, शाळेच्या रेकॉर्डमधलं नाव, जन्मतारीख आणि लिंग घेते आणि आधारशी ताडून बघते. सगळं जुळलं तर नंबर तयार, नाहीतर लाल अक्षरात फेल. हे ज्यांनी डिझाईन केलं त्यांनी मराठी नाव कधी बघितलंच नसावं. आपल्याकडं शाळेत आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आधारवर मुलाचं नाव, वडिलांचं, मग आडनाव. जन्मदाखल्यावर तर बाळाचं नाव एका रकान्यात, बापाचं दुसऱ्या, आईचं तिसऱ्या, त्यामुळे ज्यांनी दाखल्यावरून आधार काढलं त्यांच्या काही पोरांच्या आधारवर नुसतंच पहिलं नाव, ना बाप ना आडनाव. आमच्या शेजारच्या मुलीचं इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ए जास्त होता, एवढ्याशा ए वरून तिचं काम दोन महिने लटकलं. आणि घटस्फोट झालेल्या, आईचं नाव लावणाऱ्या पोरांचं काय होतं ते त्या आयांनाच विचारा.

मग दुरुस्ती कुठं करायची. शाळेचं जनरल रजिस्टर सहजासहजी बदलत नाही, त्याला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. म्हणून मग सगळे धावतात आधार केंद्राकडं, कारण ते त्यातल्या त्यात सोपं. सोपं म्हणजे काय तर आमच्या तालुक्याच्या एका केंद्रावर सकाळी सात वाजता पायरीवर वहीत नाव लिहून जायचं, दहाला शटर उघडणार, अकराला लिंक नाही. पोराची शाळा बुडवून तिथं बसलो. स्टुलावर त्याला बसवलं, चार बोटं एकदम काचेवर दाब म्हणले, मशीन घेईना, ऑपरेटर दादांनी रुमालाने त्याची बोटं पुसली, परत दाब, परत लाल, मग मी माझ्या ओढणीला पुसली, तेव्हा कुठं हिरवं झालं. मग डोळ्याला ते काळं यंत्र, पापणी हलली, परत. पोरगं बिचारं रडवेलं. पाचव्या वर्षी आणि पंधराव्या वर्षी हे बोटं-डोळ्यांचं अपडेट करावंच लागतं, आणि वेळेत केलं तर फुकट असतं, हे मला माहीत होतं, तरी दादांनी शंभर मागितले. पावती मागितल्यावर हसून म्हणाले ताई फुकटचीच एन्ट्री आहे, पावती शून्याचीच येणार. ते शंभर मी दिले नाहीत पण माझ्यामागच्या आजोबांनी निमूट काढून दिले.

अजून एक लक्षात ठेवा, आधारवर नाव दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. त्यामुळे अपारच्या घाईत कुणीतरी सांगतंय म्हणून काहीही बदलू नका, पुढे पासपोर्टला, बारावीच्या फॉर्मला तेच नाव लागणार आहे. आधी जन्मदाखला बघा, मग शाळेचं रजिस्टर, दोन्हीत काय आहे ते एका कागदावर लिहा, आणि मगच केंद्रावर जा.

आता मुख्य मुद्दा, तो संमतीचा कागद. हा फार कुणी वाचत नाही, सही कुठं करायची तेवढं बघतात. मी चहा घेऊन नीट बसून वाचला. त्यात लिहिलंय की माझ्या पाल्याचं नाव, पत्ता, वय, जन्मतारीख, लिंग आणि फोटो हे शैक्षणिक कामं करणाऱ्या संस्थांना उपलब्ध करून दिलं जाऊ शकतं, आणि उदाहरणं दिलीत, यू-डायस, स्कॉलरशिप, शिक्षणसंस्था आणि चक्क रिक्रुटमेंट एजन्सी. चौथीतल्या पोराची माहिती नोकरभरतीवाल्यांना! मी ते वाक्य दोनदा वाचलं, नवऱ्याला वाचायला दिलं, तो म्हणाला अगं ते कॉलेजवाल्यांसाठी असेल, फॉर्म एकच केलाय सगळ्यांना. असेल. पण सही तर मी आज करतेय, आणि नऊ वर्षांच्या पोराच्या वतीने करतेय. बरं यातल्या कुठल्या संस्था, किती वर्षं ठेवणार, नापास झालेलं वर्ष, शाळेतून काढलेलं, आजारपणातली लांबलेली गैरहजेरी हे पण त्यात राहणार का, यातलं काही त्या पानावर नाही. नको म्हणायला चौकोन नाही, फक्त खाली सही.

संमती कधीही मागे घेता येईल असं लिहिलंय, हे चांगलंय. पण पुढच्याच ओळीत, त्याआधी वापरलेल्या माहितीवर त्याचा परिणाम होणार नाही. आणि मागे घ्यायची कुणाकडं, तर शाळेतही कुणाला सांगता आलं नाही. सर म्हणाले अर्ज द्या, मी फाईलला लावतो.

माझा आक्षेप आधारला नाही. आधारने आमच्या गावात लोकांची कामं झालीत हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि त्याची सुरुवात तर आपल्याच नंदुरबारच्या टेंभली गावातून झाली, २९ सप्टेंबर २०१० ला. पण तेव्हाही आधी नंबर वाटले आणि कायदा आला २०१६ मध्ये, सहा वर्षांनी. अपारचं त्याच वळणावर चाललंय, याला तर स्वतःचा वेगळा कायदाच नाही, धोरण आणि परिपत्रकावर सगळं. आणि कायदा नसला की तक्रार कुणाकडं करायची, चूक झाली तर कोण जबाबदार, हे कुठंच लिहिलेलं नसतं.

सुप्रीम कोर्टाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात मुलांबद्दल स्पष्ट सांगितलंय. शाळाप्रवेश म्हणजे काही सरकारी अनुदान नाही, सहा ते चौदा वर्षांच्या पोरांचा शिक्षण हा मूलभूत हक्क आहे, त्यासाठी आधारची सक्ती चालणार नाही, आणि मुलाचं आधार काढायचं तर पालकांची संमती हवी. अठरा पूर्ण झाल्यावर त्या मुलाला आधारमधून बाहेर पडायची मुभा पाहिजे हेही त्यातच आहे, आणि मग २०१९ च्या दुरुस्तीत त्यासाठी सहा महिन्यांची मुदत ठेवली. म्हणजे पोरगं अठराचं झालं की सहा महिन्यांत अर्ज करून स्वतःचं आधार रद्द करू शकतं, हे किती जणांना माहितीय? पण आता गंमत बघा, त्याचा अख्खा शाळेचा इतिहास, मार्कलिस्ट, क्रेडिट, सगळं अपारमधून आधारला बांधून ठेवलं तर अठराव्या वर्षी तो काय बाहेर पडणार कप्पाळ.

डेटा सुरक्षित आहे असं सगळेच म्हणतात. २०१८ मध्ये कोर्टात सरकारच्या वतीने सांगितलं होतं की आधारचा डेटा १३ फूट उंच आणि ५ फूट जाड भिंतीमागं आहे. भिंत असेल ना, नाही कोण म्हणतंय, पण माहिती भिंतीवरून उडी मारून जात नाही, ती बाहेर सायबर कॅफेच्या डेस्कटॉपवरच्या फोल्डरमध्ये असते. केंद्राच्याच दीक्षा या शिक्षणाच्या ॲपमधली लाखो शिक्षक आणि विद्यार्थ्यांची माहिती उघड्या सर्व्हरवर पडलेली होती, ही बातमी २०२३ च्या जानेवारीत आली. त्याच वर्षी जूनमध्ये कोविनची, म्हणजे कोरोना लसीच्या पोर्टलची, माहिती टेलिग्रामवर नंबर टाकला की मिळत होती. आमच्या वर्गाची तर वेगळीच तऱ्हा, संमतीपत्र आणि आईवडिलांच्या आधारचे फोटो ग्रुपवरच टाका म्हणले आणि लोकांनी टाकलेसुद्धा. तीस-पस्तीस कुटुंबांचे आधार एकमेकांच्या गॅलरीत ऑटो-डाऊनलोड. ज्या डेटाचोरीची भीती वाटते ती करायला हॅकर कशाला पाहिजे.

आणि खासगीपणाचा कायदा म्हणाल तर २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि त्यातल्या महत्त्वाच्या बऱ्याच अटी लागू व्हायला त्यानंतर दीड वर्ष. अठराच्या खालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती पाहिजे असं त्यात आहे. दप्तरातून घरी आलेला आणि आजीने सही केलेला कागद त्यात बसतो का, मला तरी शंका आहे.

हे सगळं लिहिलं की लोक म्हणतात तुम्ही प्रगतीच्या विरोधात. अमेरिकेत इनब्लूम नावाची अशीच एक व्यवस्था आणली होती २०१३ मध्ये, शाळकरी मुलांचा सगळा डेटा एका ठिकाणी ठेवायची, मागं गेट्स फाउंडेशनचा पैसा. आयाबापांनी विचारायला सुरुवात केली की हा डेटा कुणाकुणाला मिळणार, धड उत्तर मिळेना, एकेक राज्य बाहेर पडलं, शेवटी न्यूयॉर्कपण, आणि एप्रिल २०१४ मध्ये दुकान बंद करत असल्याचं त्यांनी स्वतः जाहीर केलं. त्या आया काही मागास नव्हत्या. ब्रिटनने तर राष्ट्रीय ओळखपत्राचा कायदाच २०१० मध्ये रद्द केला आणि गोळा केलेली माहिती नष्ट केली.

तरी दुसरा स्टार का दिला ते सांगते. आमच्या भागात ऊसतोडीच्या हंगामात बीड, जालन्याकडून टोळ्या येतात. दिवाळीनंतर ती पोरं तिथल्या शाळेतून गायब आणि इथं फडावर. त्यांच्यासाठी आपल्या राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे, ते दाखवून इथल्या शाळेत बसता येतं, पण ते कार्ड पोरासोबत येतंच असं नाही, कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, भिजतं, हरवतं. या पोरांना एक नंबर असला, ज्यावर इथल्या बाईंना कळेल की हे पोरगं तिसरीत आहे आणि त्याला वाचता कुठवर येतं, तर त्याचं वर्ष वाया जाणार नाही. दाखला अडवून ठेवणाऱ्या इंग्लिश मीडियम शाळांनापण चाप बसेल, फी भरली नाही म्हणून एलसी देत नाही हा धंदा किती चालतो सगळ्यांना माहितीय. मार्कलिस्ट पुरात वाहून गेलेल्यांना तर विचारूच नका, आमच्याकडं २०१९ च्या महापुरानंतर लोक डुप्लिकेटसाठी बोर्डाच्या खेपा घालत होते. या तीन गोष्टींसाठी हे प्रॉडक्ट बनवलं असतं आणि ज्याला पाहिजे त्याने घ्या म्हणले असते तर मी चार स्टार दिले असते, मनापासून. पण आत्ता कसं झालंय, ज्या ऊसतोडीच्या पोराला याची सगळ्यात जास्त गरज त्याचंच आधार जुळत नाही, आणि ज्याचं सगळं जुळतंय त्याला नंबर मिळून कशाचा उपयोग झाला ते अजून दिसलेलं नाही.

डिलिव्हरीबद्दल, नंबर तयार झाला की तो डिजीलॉकरमध्ये दिसतो किंवा शाळेतून प्रिंट मिळते. आमच्या शाळेने रंगीत प्रिंट काढून लॅमिनेट करून वीस रुपये घेतले. कार्डावर फोटो, नाव, क्यूआर कोड. पोरगं खूश, त्याला वाटलं कसलं तरी बक्षीस आहे.

घ्यायचं का मग? दहावी-बारावी, कॉलेजला असाल तर घेऊन टाका, तिथं क्रेडिटबिडिटसाठी मागतात, उगाच शेवटच्या दिवशी पळापळ नको. लहान पोरांचं असेल तर घाई अजिबात करू नका, शाळेला लेखी विचारा की संमती दिली नाही तर नेमकं काय अडेल, बहुतेक वेळा काही अडत नाही. द्यायचीच ठरवली तर भरलेल्या संमतीपत्राची झेरॉक्स स्वतःकडं ठेवा, तुमच्या स्वतःच्या ओळखीसाठी आधारची कॉपी मागितली तर शेवटचे चारच आकडे दिसतात ती मास्क्ड कॉपी द्या, ग्रुपवर काही टाकू नका, प्रत्यक्ष बाईंच्या हातात द्या. आणि पोराच्या आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटं-डोळ्यांचे ठसे, लॉक करून ठेवा, यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेच्या, साईटवरून होतं, पाच मिनिटांचं काम आहे, ओटीपी आला तर. आमच्या आधारला नवऱ्याचा जुना नंबर जोडलेला होता, तो ओटीपी अजून कुणाच्या तरी मोबाईलवर जातोय.